रुमालाखाली

आवटींच्या घरात चाळीस वर्षं
मी मागच्या दारानं गेलो.
काटा मागं, पोती मागं, हमालांचा रांजण मागं,
तोलाईदाराचं पुढं काही काम नव्हतं
आणि पुढून ये, असं कुणी कधी म्हणालंही नव्हतं.

परवा सुनीतीचा फोन: दस्तगीरमामा, गुरुवारी चहाला या.
पुढून या.

गेलो तर पुढचं दार
सुतार लावून तिनं एवढं बुटकं केलेलं
की कोंबडं शिरेल ताठ मानेनं, माणूस नाही.
चपला काढल्या, टोपी हातात घेतली,
गुडघ्यावर आलो.
चाळीस वर्षांनी पुढचं दार मिळालं, म्हटलं,
तेबी रांगत.
आतून ती हसली. कलेक्टर आला तरी असंच, मामा.

ही खोली मला पाठ आहे.
इथं राजापुरी हळकुंडांची थप्पी लागायची
आढ्याला टेकेपर्यंत.
आता साडेचार चटया,
कानाझावाहून कंटेनरातून आलेल्या.
वास मात्र अजून आमचाच.
भिंतीला चुना दिलाय, एक पट्टा सोडून:
एकोणीस सालचं पाणी आलं तिथवरची तपकिरी रेघ,
बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर.
तिकडं म्हणे भिंतीवर अक्षरं टांगतात.
हिनं कृष्णेची सही ठेवलीय.

जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात राख, राखेत निखारे,
वर बिडाची किटली.
खड्डा म्हटलं की मला हरिपूरची पेवं आठवतात.
पेव उघडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा,
विझला तर उतरायचं नाही.
ती गप्प. मी गप्प. किटली तेवढी कुजबुजत होती
आणि मी बघत बसलो, विझतंय का काही.

नाही विझलं.

आधी पळसाच्या पानावर बेदाणा. तासगावचा. एक.
मी क्विंटलातला माणूस.
एका बेदाण्याला किती वेळ लावायचा कळेना,
दाढेखाली धरून बसलो.

मग तिनं कमरेचा रेशमी रुमाल काढला,
घडी, घडीवर घडी, मधे एक चिमट,
आणि मला सौदा दिसला.
तिचा आजा आणि निपाणीचा व्यापारी
टॉवेलाखाली हात घालून उभे,
चेहरे बांधावरच्या धोंड्यासारखे,
खाली बोटं बोलतायत.
आख्खी पेठ बघायची, कुणाला काही दिसायचं नाही.
हिच्या बोटांत तेच आहे,
फक्त रुमाल वर आलाय.

वाडगा हातात आला.
सवय जात नाही: तीनशे साठ ग्रॅम, चहासकट.
हिरवा फेस, म्हशी उठून गेलेल्या डोहावर असतो तसा.
वाडग्याला तोंड असतं, ती म्हणाली,
तोंड तुमच्याकडं केलंय.
पण तिथं ओठ लावायचा नाही. फिरवा.
मागच्या अंगानं प्या.

मागच्या अंगानं?
फिरवला. दोनदा. हात थरथरला तो वयानं.
कडू. साखरेचं नाव नाही.
गुऱ्हाळावर वाढलेलं पोर मी,
असला चहा घरात मिळाला असता तर कप आदळला असता.
तळाशी गेलो तरी कडूच,
आणि रिकामा झाल्यावर वाडगा जड लागला.
काट्यावर असं होत नसतं.

बाबांना दाखवायचं राहिलं, ती म्हणाली.
पुढं काही नाही.

मी खांद्यावरचा टॉवेल काढला.
तिचा हात घेतला, वर टॉवेल टाकला
आणि खाली दाबली
आधी तीन बोटं, मग तळव्यावर एक रेघ.
किती झाले, मामा?
रुमालाखालचं बाहेर बोलत नाहीत, म्हटलं.
ती बघत राहिली. मग खालून
तिनं माझी करंगळी दाबली,
सावकाश, अर्धीच.

भाव चढता होता की पडता, मी सांगणार नाही.
रांगतच बाहेर आलो.
कोपऱ्यावर आल्यावर कळलं,
टोपी आतच राहिली.